दुखणं मुलाचं, औषध कुणाचं?

काळेवाडी, रहाटणी, थेरगाव, पिंपरीहून आलेल्या श्रोतेहो,

तुमच्यापैकी बरेच जण पहिली पाळी आटोपून आले आहेत, काहींना इथूनच रात्रपाळीची बस धरायची आहे. तेव्हा प्रस्तावना लांबवत नाही. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळा सुटल्यावर मुलांच्या घरी जात आणि आईबापांशी बोलत. आजचा विषयही घरातलाच आहे.

मुलाचं एखादं दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं किंवा पुन्हा पुन्हा उलटत राहिलं, की त्याला आम्ही डॉक्टर जुनाट म्हणतो. पोटदुखी, अर्धशिशी, बालसंधिवात, सिकलसेल ही त्यातली काही नावं. अशा दुखण्यावरचे उपचार एका घरात वर्षानुवर्षं नीट चालतात आणि शेजारच्याच घरात दोन महिन्यांत बंद पडतात. डॉक्टर तोच, औषध तेच, दुकानदारही तोच. मग फरक कुठे पडतो? लहान मुलांचा डॉक्टर म्हणून या प्रश्नाचं उत्तर मला औषधाच्या चिठ्ठीत कधी सापडलं नाही. ते आईबाप मुलाशी कसं वागतात, त्यात सापडलं.

आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने देशाचं पेनिसिलिन इथे तयार होऊ लागलं. त्या औषधाने लाखो जीव वाचवले, आणि औषध म्हणजे काय याची एक पक्की कल्पनाही आपल्याला दिली. ताप आला, पाच-सात दिवसांचा कोर्स केला, ताप गेला, औषध बंद. जुनाट दुखण्याला ही कल्पना लागू पडत नाही. तिथे खरं औषध घ्यायचं असतं ते न दुखणाऱ्या दिवशी. सिकलसेल असलेल्या तान्ह्या मुलांना हेच पेनिसिलिन रोज दोन वेळा, ती ठणठणीत असतानाही, पाचव्या वर्षापर्यंत देतात. १९८६ साली अमेरिकेत याची चाचणी झाली. औषध घेणाऱ्या मुलांत न्यूमोकोकस जंतूंचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला, आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण उरलेल्या मुलांना औषधाविना ठेवणं अन्यायाचं ठरलं असतं.

आता सांगा, काहीच दुखत नसताना रोज गोळी घे, रोज व्यायाम कर, रोज पाणी पी, हे दहा वर्षांच्या मुलाला कोण पटवणार? डॉक्टर त्याला महिन्यातून दहा मिनिटं भेटतो. बाकीचा महिना तुमचा आहे.

पण त्याच्याही आधी एक पायरी आहे. मुलाला खरंच दुखतंय, यावर आपला विश्वास आहे का?

तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण १९८०च्या दशकापर्यंत जगातल्या मोठमोठ्या रुग्णालयांत तान्ह्या बाळांच्या शस्त्रक्रिया नाममात्र भूल देऊन होत असत. बाळाला वेदना कळत नाही, असं मोठे डॉक्टरच मानत होते. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर काम केलं आणि १९८७ साली दाखवून दिलं की वेदनाशामक दिलेली बाळं शस्त्रक्रियेचा धक्का कितीतरी कमी सोसतात. ही फार जुनी गोष्ट नाही. या सभागृहात बसलेल्या कित्येकांचा जन्म त्याच्या आधीचा आहे. जिथे डॉक्टरांचा विश्वास नव्हता, तिथे ‘नाटकं करतोय, गणिताचा पेपर आहे ना उद्या’ असं म्हणणाऱ्या बापाला एकट्याला मी कसा दोष देऊ?

त्या गणिताच्या पेपराकडेच येतो. शाळकरी मुलांतलं एक नेहमीचं जुनाट दुखणं म्हणजे बेंबीभोवतीची पोटदुखी. १९५८ साली जॉन ॲपली या डॉक्टरांनी ब्रिस्टल शहरातली १,००० शाळकरी मुलं तपासली. दहातल्या एका मुलाला ही पोटदुखी पुन्हा पुन्हा होत होती, आणि त्यातल्या फार थोड्यांच्या पोटात काही विकार सापडला. म्हणजे उरलेली खोटं बोलत होती का? मुळीच नाही. आतडं आणि मेंदू यांच्यात सतत देवाणघेवाण चालू असते. काही मुलांचं आतडं साधा ताण किंवा साधा वायूसुद्धा कळ म्हणून वर कळवतं. कळ खरी असते, सोनोग्राफी मात्र स्वच्छ येते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे याला काही झालेलं नाही’ हे वाक्य मी काळेवाडीत जितक्यांदा ऐकलं, तितक्यांदा मला त्या मुलाचा चेहरा पडलेला दिसला.

आता एक प्रयोग सांगतो. तो नीट ध्यानात घ्या, कारण तो आपल्या सहज प्रवृत्तीच्या उलट जातो. अमेरिकेतल्या नॅशव्हिल इथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात लिन वॉकर यांनी जुनाट पोटदुखीच्या मुलांना आणि निरोगी मुलांना पोट तुडुंब होईपर्यंत पाणी प्यायला लावलं. पोट फुगून दुखू लागलं. मग काही आईबापांना सांगितलं, मुलाच्या दुखण्याची विचारपूस करा, कळवळा दाखवा. काहींना सांगितलं, मुलाचं लक्ष दुसरीकडे वळवा, शाळेच्या, खेळाच्या गप्पा काढा. बाकीच्यांना काहीच सांगितलं नाही. काय झालं? विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, लक्ष वळवलेल्यांच्या निम्म्यावर आल्या. हा अभ्यास २००६ साली छापला गेला. त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट पुढेच आहे. मुलांनी सांगितलं, आईने गप्पा मारल्या तेव्हा बरं वाटलं. पोटदुखीच्या मुलांच्या पालकांना मात्र वाटत होतं की लक्ष वळवल्याने मुलाचं नुकसान होईल.

माउलींनो, प्रेमाने विचारणारी आई चुकते असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ‘दुखतंय का रे, आता दुखतंय का?’ हे दर तासाला विचारलं की मूल दर तासाला पोटाकडे लक्ष देतं. एकदा विचारा, पूर्ण ऐकून घ्या, ‘दुखतंय ते मला कळलं’ असं सांगा, आणि मग त्याला भाजी निवडायला सोबत घ्या.

इथे एक इशारा दिलाच पाहिजे. वजन घटत असेल, शौचातून रक्त पडत असेल, हिरवी उलटी होत असेल, दुखण्याने मूल मध्यरात्री झोपेतून उठत असेल, तर गप्पांनी लक्ष वळवायचं नाही. मुलाला दवाखान्यात न्यायचं.

१९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे डायना बॉमरिंड यांनी पालकांच्या वागण्याच्या तीन तऱ्हा मांडल्या. आपल्या शब्दांत सांगायचं तर एक धाकाचं घर, एक लाडाचं घर, आणि तिसरं, जिथे नियम ठाम असतात पण मुलाचं ऐकून घेतलं जातं. पुढे इतरांनी चौथं घर जोडलं, जिथे मुलाकडे कुणाचं लक्षच नसतं. मुलांच्या मधुमेहासारख्या जन्मभराच्या आजारांच्या अभ्यासांत तिसऱ्या घरातली मुलं उपचार जास्त नीट पाळताना दिसतात. यात नवल नाही. पण धाकाच्या आणि लाडाच्या घरात उपचार नेमके कुठे गळतात, ते पाहण्यासारखं आहे.

लाडाच्या घरात ते असे गळतात. बालसंधिवाताच्या मुलीला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी असते. तिने मळमळतं. काही मुलींना तर गोळीचा वार उजाडला की ती घेण्याआधीच मळमळू लागतं. आईच्याने ते बघवत नाही. ‘राहू दे आजची, पुढच्या आठवड्यात घे.’ सकाळी सांधे आखडलेले असतात, व्यायाम करताना मुलगी रडते, मग व्यायामही राहतो. गुडघा न वापरल्याने मांडीचा स्नायू आटतो, तो आटला की गुडघा जास्त दुखतो. सगळं मायेपोटी होतं, आणि वर्षाभरात मुलीला पाय सरळ करता येत नाही. डोकेदुखीचंही तसंच. दर वेळी ताबडतोब गोळी हातात. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, अशी काही महिने पोटात गेली, तर त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. २०१७ साली अमेरिकेत ३६१ मुलांवर अर्धशिशीच्या दोन नावाजलेल्या औषधांची चाचणी झाली. औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्या मुलांपेक्षा ती सरस ठरली नाहीत. तिन्ही गटांत निम्म्याहून जास्त मुलांची डोकेदुखी मात्र निम्म्यावर आली. मी याचा अर्थ असा लावतो की वेळेवर झोप, पाणी, जेवण, डोकेदुखीची वही आणि नियमित भेट यांचं मोल गोळीहून कमी नाही. आणि ती सगळी घरातली कामं आहेत.

धाकाचं घर कसं असतं, ते मी एका खोलीतून सांगतो.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांतून असा ठणका उठतो की मोठी माणसंही किंचाळतात. भारतात हा आजार पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला, आणि १९५८ साली नागपूर भागातून त्यावर लिहिलं गेलं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नंदुरबार, मेळघाट हे आपल्या राज्यातले त्याचे पट्टे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. तुम्ही म्हणाल, गडचिरोलीचा आजार काळेवाडीत कशाला सांगता? कारण गडचिरोली आणि नंदुरबारची माणसं आता काळेवाडीत भाड्याने राहतात आणि चाकणला कामाला जातात. आजार त्यांच्यासोबत येतो, आणि इथल्या दवाखान्यात तो कुणाच्या चटकन ध्यानात येत नाही. ‘वाढीचं दुखणं आहे, कॅल्शियम द्या’ म्हणून परत पाठवलेली मुलं मी पाहिली आहेत.

असंच एक कुटुंब. दहा बाय बाराची खोली, त्यात आईबाप, आजी, दोन मुलं. बाप कंत्राटी कामगार. मोठ्या मुलाला सिकलसेल, वय अकरा. त्याला हायड्रॉक्सियुरिया चालू केलेलं. हे औषध रोज घेतलं तर ठणक्याचे झटके बरेच कमी होतात. बाप रोज विचारायचा, ‘गोळी घेतली?’ मुलगा म्हणायचा, ‘हो.’ झटके काही थांबेनात. रक्ताच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही नावाचा एक आकडा असतो, तांबड्या पेशीचा सरासरी आकार. हे औषध काही महिने नियमित पोटात गेलं की तो आकार सहसा वाढतो. या मुलाचा आकडा जागचा हलला नव्हता. मी आईला एवढंच म्हटलं, घरी शांतपणे बघा. कॅप्सूल सापडल्या जुन्या कंपासपेटीत, कर्कटकाच्या खाली. बापाचा हात उगारलाच गेला. मुलाने आईला नंतर सांगितलं ते असं: एका शनिवारी एक गोळी राहिली. पप्पा मारतील म्हणून ती लपवली. पुढच्या आठवड्यात आणखी दोन राहिल्या. मग लपवायचीच सवय झाली.

श्रोतेहो, धाकाच्या घरात गोळी चुकत नाही असं नाही. तिथे चुकलेली गोळी लपते. आणि लपलेल्या गोळीवर डॉक्टर डोस वाढवत जातो.

पुढे त्या घरात फार मोठं काही केलं नाही. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ ठरली. भिंतीवरच्या कालनिर्णयवर खूण मुलाने स्वतः करायची, गोळी मात्र आई किंवा आजीच्या समोर घ्यायची. बापाने प्रश्न बदलला. ‘घेतली का?’ ऐवजी तो विचारू लागला, ‘या आठवड्यात कुठली राहिली?’ राहिली असं सांगितल्यावर मार नाही, हा एक करार. तो पाळणं बापाला किती जड गेलं, हे मला त्याने स्वतः सांगितलं.

पण गोळीने सगळं भागत नाही. सिकलसेलच्या मुलाने भरपूर पाणी प्यायला हवं, कारण शरीर सुकलं की पेशी विळ्यासारख्या होतात. या मुलांची मूत्रपिंडं लघवी दाट करू शकत नाहीत. म्हणजे त्यांना तासाभरात लघवीला जावंच लागतं, रात्री अंथरूणही ओलं होतं. वर्गात परवानगी मागितली की ‘आत्ताच गेला होतास ना?’ म्हणून मुलगा पाणीच पिईना. बाटली भरलेली न्यायचा, भरलेलीच आणायचा. अंथरूण ओलं झालं की घरी ओरडा, त्यामुळे संध्याकाळीही पाणी बंद. पाहा, शाळेचा धाक आणि घरचा धाक एकाच जागी मिळाले आणि मुलाच्या हाडांत ठणका उठला. हे मूल हट्टी होतं का? आळशी होतं का? ते बिचारं दोन ठिकाणचा अपमान टाळत होतं.

आणि या आजारात लाडालाही एक वेगळं कारण असतं, अपराधाची भावना. सिकलसेल दोन्हीकडून येतो. आई आणि बाप दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. एकट्या आईकडून तो येत नाही, येऊ शकत नाही. तरीही सासरी बोट दाखवलं जातं ते सुनेकडे. अशी बोलणी खाणारी आई मुलाला कशाला शिस्त लावेल? ती त्याला तळहातावरच्या फोडासारखी जपते, खेळायला सोडत नाही, शाळा बुडवू देते. मुलाचे उपचार सुधारायचे असतील तर आधी त्या घरातलं हे बोलणं थांबलं पाहिजे. हे मी कळकळीने सांगतो आहे.

ठणका उठतो तेव्हाचं वागणं आणि एरवीचं वागणं मात्र वेगळं हवं. झटक्यात ‘सहन करायला शीक’ हा उपदेश क्रूर आहे. वेदनाशामक वेळेवर आणि पुरेसं द्यायचं, आणि रुग्णालयात डॉक्टर मॉर्फिन देत असतील तर ‘सवय लागेल’ म्हणून अडवायचं नाही. सिकलसेलच्या मुलाला १०१ अंशांवर ताप, छातीत दुखणं, धाप, पोटाच्या डाव्या बाजूला अचानक सूज, किंवा हातापायातली ताकद जाणं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका.

इथवर मी घरांच्या तऱ्हा सांगितल्या. आता मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. वागण्याची ही तऱ्हा आईबाप स्वतः निवडतात, असं पुस्तकं गृहीत धरतात. काळेवाडीत ती निवडायला कितीशी मोकळीक आहे? पाळी आठवड्याला बदलते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात बाप संध्याकाळी घरी, कडक. रात्रपाळीच्या आठवड्यात तो दिवसा झोपलेला, म्हणून सगळं घर चिडीचूप, आणि आई मुलाला जे हवं ते देऊन गप्प बसवते. म्हणजे एकाच मुलाला एका महिन्यात धाकाचं, लाडाचं आणि कुणाचंच लक्ष नसलेलं अशी तिन्ही घरं भेटतात. रात्री दोनला मूल कण्हायला लागलं की शेजारची भिंत ठोकली जाते. पहाटे साडेपाचला उठायचं असलेला माणूस ‘गप्प झोप’ म्हणतो, तेव्हा तो दुष्ट नसतो, थकलेला असतो. आणि दवाखान्याची तारीख म्हणजे खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला, आणि कंत्राटदाराच्या नजरेत आलात ते वेगळंच.

म्हणूनच उपचार एका माणसाच्या आठवणीवर टांगून ठेवू नका, घराच्या एखाद्या ठरलेल्या वेळेला बांधा, जी कुठल्याही पाळीत बदलत नाही. आणि ते हळूहळू मुलाच्या हातात द्या. सहा-सात वर्षांचं मूल पाण्याची बाटली सांभाळू शकतं. नऊ-दहाव्या वर्षी आठवड्याच्या गोळ्या तुमच्यासमोर डबीत भरू शकतं. तेरा-चौदाव्या वर्षी ‘कुठे दुखतं, किती दिवस, काय राहिलं’ हे त्याने डॉक्टरला स्वतः सांगावं, तुम्ही शेजारी बसून ऐकावं. मी मुलाला प्रश्न विचारतो आणि उत्तर आई देते, असं नेहमी होतं. पण एक पथ्य पाळा. ‘आता मोठा झालास, तुझं तू बघ’ म्हणून एकदम हात काढून घेऊ नका. औषधं सर्वांत जास्त सुटतात ती याच वयात. सोळाव्या वर्षीही कुणीतरी रोज रात्री त्या खुणेकडे नजर टाकली पाहिजे.

शाळांकडे आणि कारखान्यांकडे माझं मागणं आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश आहे. पालकांनी प्रमाणपत्र काढावं, डॉक्टरांचं पत्र शाळेत द्यावं, आणि वर्गशिक्षकांनी ते पत्र वाचून मुलाला न विचारता लघवीला जाऊ द्यावं. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या जुनाट वेदनेवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत औषधांच्या बरोबरीने व्यायाम आणि मानसोपचार सांगितले आहेत. हे दोन्ही उपचार आपल्या भागातल्या कामगाराच्या मुलाला संध्याकाळी मिळाले पाहिजेत, कारण सकाळची ओपीडी त्याच्या बापाला गाठता येत नाही. आणि चाकण-भोसरीच्या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या अधिकाऱ्यांपैकी कुणी इथे बसलं असेल, तर ज्या कामगाराच्या मुलाला असा आजार आहे त्याला, तो कायम असो वा कंत्राटी, महिन्याला अर्धा दिवस पगारी रजा द्या. तिची नोंद दवाखान्याच्या कागदावरून करून घ्या. यासाठी कुठल्या नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही, तुमच्या पातळीवर हे उद्याही ठरू शकतं.